किल्ल्यासमोरची छावणी

दिवाळीच्या सुटीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला रचावा, हा प्रघात पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत जितका घरोघर रुजलेला आहे तितका तो आमच्या खानदेशात नाही. आमच्याकडील बालकांचा आणि मातीचा खरा सण म्हणजे पोळा; त्या दिवशी ज्याच्या दावणीला एकही जनावर नाही त्याच्याही घरी मातीची बैलजोडी येते, पाटावर बसते, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला जातो, आणि पूजा आटोपल्यावर ती जोडी घरातील लहानग्यांच्या स्वाधीन होते. तरीसुद्धा जळगाव-धुळ्याकडे आता दिवाळीत किल्ले होऊ लागले आहेत, शाळा आणि मंडळे त्यांच्या स्पर्धा भरवू लागली आहेत, आणि कोजागिरी उलटली की पोरे विटांचे तुकडे, जुनी गोणपाटे आणि माती गोळा करण्याच्या उद्योगाला लागलेली दिसतात.

या उद्योगात आमच्या भूमीने एक अडचण घालून ठेवली आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती कापसाला मानवते, केळीला मानवते, परंतु किल्ल्याला ती मुळीच मानवत नाही. ओली असताना हाताच्या प्रत्येक इच्छेला वश होणारी ही माती सुकू लागली की आकसते, तिला बोटबोट रुंदीचे तडे जातात, आणि धनत्रयोदशीला उभारलेला बुरूज पाडव्यापर्यंत आपोआप ढासळतो. अनुभवी मुले म्हणून काळीच्या नादी लागत नाहीत. ती गावठाणातील पांढरी माती आणतात, तीत गव्हाचा भुसा व थोडे शेण कालवतात, आणि सपाट तटासाठी धाब्याच्या घरांच्या छपरावर घालतात ती खारी माती वापरतात. खानदेशातील घरे ज्या ज्ञानावर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली तेच ज्ञान दहा वर्षांच्या पोराच्या हातात एका खेळाच्या निमित्ताने उतरते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यंदा धुळ्याच्या एका शाळेत अशा किल्ल्यांचे प्रदर्शन भरल्याचे कळले, तेव्हा मी जळगावहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. पाळधी, एरंडोल आणि पारोळा ओलांडून धुळ्याकडे जाणारा हा रस्ता माझ्या परिचयाचा आहे. कापूस वेचणीला आलेला असतो, वेचणाऱ्या बायकांच्या पाठीवर ओट्या फुगलेल्या असतात, आणि पारोळ्याला गाडी थांबली की गावाच्या वस्तीआड तेथील भुईकोटाचे अस्तित्व मनाला जाणवत राहते. हा किल्ला १७२७ साली हरि सदाशिव दामोदर या जहागीरदाराने बांधला. भोवती खंदक, आत बुरूज, असा हा सपाट मुलखातील बंदोबस्त. डोंगराचा आधार नसल्यामुळे येथे मनुष्याला आपल्या संरक्षणाची सर्व योजना स्वतःच्या बुद्धीने करावी लागली आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे या पारोळ्याशी नाते होते, आणि अठराशे सत्तावन्नच्या उठावानंतर, १८५९ साली, इंग्रज सरकारने येथील जहागीरदाराची मिळकत जप्त करून किल्ला निकामी केला. झाशीच्या राणीचे नाव ज्या मुलांच्या जिभेवर असते त्यांपैकी किती जणांना ही गोष्ट शाळेत सांगितली जाते, हा विचार मनात घेऊनच मी धुळ्यास उतरलो.

प्रदर्शन शाळेच्या लांबलचक ओसरीत मांडलेले होते. कोणी मेजावर, कोणी बाकांच्या जोडणीवर, कोणी जमिनीवरच किल्ला उभारला होता. अळीव आणि मोहरी पेरून उगविलेली हिरवळ डोंगरउतारावर दाटली होती, आरशाच्या तुकड्यांचे तलाव झाले होते, आणि आगपेट्यांच्या टोपणांवर चुना फासून सदरा व अंबारखाने सजविले होते. रायगड होता, प्रतापगड होता, सिंहगड तर एकाहून अधिक होते; एका मुलाने निळ्या रंगाच्या पाण्यात सिंधुदुर्ग बांधला होता, आणि समुद्र कधी न पाहिलेल्या त्या मुलाने तटाखाली लाटांची पांढरी किनार ज्या निष्ठेने काढली होती ती पाहून मी त्याच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. एका मुलीने साल्हेर केला होता. साल्हेर आमचा शेजारी. बागलाणातील हा गड आणि १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मोगलांशी उघड्या मैदानात झालेला संग्राम खानदेशच्या दारात घडलेला आहे, आणि २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत तो आहे. त्या मुलीने गडाचे नाव खडूने लिहिले होते व त्याखाली संग्रामाचे साल घातले होते.

या सर्व किल्ल्यांवर बाजारातून आणलेली मातीची चित्रे यथास्थान बसविलेली होती. सिंहासनाधिष्ठित महाराज, भालदार, चोपदार, ढाल-तलवार घेतलेले मावळे, डोक्यावर हंडा घेतलेली स्त्री, नांगर धरलेला शेतकरी, गुहेच्या तोंडाशी वाघ. प्रमाणाच्या दृष्टीने पाहणाऱ्या माणसाला येथे प्रथमदर्शनी विसंगतीच दिसेल, कारण महाराज तटबंदीहून उंच असतात, वाघ महाद्वारातून आत शिरू शकत नाही, आणि मावळ्याच्या तलवारीपुढे तोफ खेळण्यासारखी भासते. पण या विसंगतीला स्वतःचा एक नियम आहे. जळगावपासून थोड्याच अंतरावर, जिल्ह्याची सीमा ओलांडताच, अजिंठ्याची लेणी आहेत; तेथील सतराव्या लेण्यात सिंहलावदानाचे जे भव्य चित्र आहे त्यात हत्ती, घोडे, भाले आणि नौका यांच्या गर्दीतून एक संपूर्ण स्वारी भिंतीवर उतरलेली आहे, आणि त्या लेण्यांतील चित्रकाराने ज्याचे माहात्म्य अधिक त्याची आकृती मोठी काढण्यास कधी संकोच केला नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरील बालक न शिकता त्याच परंपरेचे पालन करीत असते. मनात ज्याला मोठे स्थान आहे त्याला ते मेजावरही मोठे स्थान देते.

मात्र दुसराही एक मार्ग आहे आणि तो मापाचा मार्ग होय. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो लेख खानदेशच्या भूमीवर गणिताची गादी होती याची साक्ष देतो. लीलावतीतील त्रैराशिक ज्याला आले त्याला डोंगराची उंची, तटाची लांबी आणि माणसाचा देह ही तिन्ही एकाच प्रमाणात उतरविता येतात, आणि तसे केले की एकाएकी विलक्षण गोष्ट घडते: किल्ला मोठा होतो, माणूस लहान होतो, आणि एवढ्या लांब तटावर एवढी थोडी माणसे पहारा कसा देत असतील हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. पहिल्या मार्गाने भक्ती व्यक्त होते, दुसऱ्या मार्गाने विचार सुरू होतो. मला दोन्ही हवे आहेत; परंतु आमच्या प्रदर्शनांत पहिला मार्ग भरपूर चोखाळला जातो आणि दुसरा बहुधा रिकामा राहतो, असे माझे निरीक्षण आहे.

ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्यावर आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इतक्या किल्ल्यांत, इतक्या तोफांत, इतक्या उगारलेल्या तलवारींत शत्रू कोठेच नव्हता. मावळे होते, पण ते ज्याच्याशी लढले तो समोर नव्हता. वेढा घालणारी छावणी नव्हती, डेरे नव्हते, मोर्चे नव्हते, तटाखाली सुरुंग खणणारे बेलदार नव्हते. दिवाळीचा किल्ला हा वस्तुतः युद्धाचा देखावाच नाही. तो दरबाराचा देखावा आहे, राज्याभिषेकानंतरच्या शांत वैभवाचा आहे, आणि सणाच्या दिवशी तसाच तो शोभतो. पण ज्या किल्ल्याला कधी वेढा पडला नाही त्याची तटबंदी एवढी जाड का केली, दरवाजा वळणात का लपविला, चोरवाट कशासाठी ठेवली, या गोष्टी मुलाला समजाव्यात कशा? तटाचा प्रत्येक दगड तटाबाहेरच्या कोणा तरी माणसाला उद्देशून बसविलेला असतो. तो बाहेरचा माणूस दाखविला नाही तर दगड मुका राहतो.

युरोपात या बाहेरच्या माणसाला मेजावर आणण्याची एक स्वतंत्र विद्याच निर्माण झाली. प्रशियातील फॉन रायस्विट्झ या गृहस्थाने १८१२ च्या सुमारास राजासमोर युद्धाचा एक खेळ मांडला, आणि त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याला शास्त्रशुद्ध रूप दिले: आठ हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा, लाल व निळे ठोकळे, तोफेचा मारा आणि चकमकीचा निकाल ठरविण्यासाठी फासे, आणि या सर्वांच्या वर एक पंच. या पंचाचे काम मोठे सूक्ष्म होते. दोन्ही पक्षांची संपूर्ण स्थिती फक्त त्यालाच ठाऊक असे. खेळाडूला आपल्या टेहळ्यांना जे दिसले असते तेवढेच तो सांगे. आमच्या बुद्धिबळात हत्ती, घोडे, उंट, प्यादी सर्व पटावर उघडी असतात, राजाला राजा दिसत असतो. प्रत्यक्ष युद्धात मात्र सेनापती बहुतांशी अंधारात चालत असतो, आणि त्या अंधाराला खेळात जागा देणे हा रायस्विट्झच्या बुद्धीचा खरा पराक्रम होता. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ शिक्षणाचे साधन म्हणून स्वीकारला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने शिशाचे शिपाई, लाकडी ठोकळ्यांची घरे आणि कळ दाबताच काडी उडविणारी खेळण्यातली तोफ घेऊन घराच्या फरशीवर खेळावयाच्या लढायांचे नियम एका छोट्या पुस्तकात प्रसिद्ध केले, आणि एवढ्या लहान रणांगणावरही किती चुका होतात हे पाहिल्यावर खऱ्या युद्धाचा अनाडीपणा व अनर्थ कळतो, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आज बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवून त्यांच्या लढाया मेजावर मांडणाऱ्यांची मोठमोठी प्रदर्शने तिकडे भरतात. लंडनचे असे एक प्रदर्शन १९७२ पासून चालत आलेले आहे. त्या मेजांवर दोन्ही सैन्ये असतात. कोणाची बाजू न्यायाची होती हे ज्याचे त्याने ठरवावे, पण दोघांचेही गणवेश, दोघांचीही निशाणे आणि दोघांचीही संख्या अचूक असली पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असतो.

असे काही धुळ्याच्या त्या ओसरीत मला पाहावयास मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. शेवटच्या वर्गखोलीच्या दाराशी दोन बाके जोडून त्यांवर एक उघडाबोडका, तपकिरी रंगाचा डोंगर केलेला होता. त्यावर हिरवळ नव्हती, सिंहासन नव्हते, भगवा नव्हता. शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि महाविद्यालयात जाणारा थोरला भाऊ अशी तिघे उभी होती. हा कोणता गड, असे मी विचारताच त्या मुलीने मान ताठ करून उत्तर दिले, “बाबा, हाऊ आमना गावना किल्ला शे.”

तो लळिंग होता. धुळ्याच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला जो डोंगर दिसतो, ज्याच्या पायथ्याशी जुने हेमाडपंती देवालय आहे, आणि ज्याच्या अंगावरून आज मालमोटारींचा अखंड आवाज चढत असतो, तोच हा फारुकी अंमलातील किल्ला. तिघांनी तो डोंगर पायांखाली घालून केला होता हे उघड दिसत होते. माची कोठे तुटते, वाट कोणत्या अंगाने चढते, कातळात खोदलेली पाण्याची टाकी कोठे आहेत, हे सारे त्यांनी जागच्या जागी दाखविले होते, आणि टाक्यांसाठी आरसे न लावता मेण ओतलेले खड्डे करून त्यांत खरे पाणी भरले होते. तटावरची माणसे गव्हाच्या दाण्याएवढी होती. बाजारात मावळ्यांखेरीज दुसरे शिपाई मिळत नाहीत, म्हणून खाली वेढा घालून बसलेले बहमनी सैन्य त्यांनी चिंचोक्यांचे केले होते: साधे चिंचोके पायदळाचे, काडी खोवलेले घोडदळाचे.

त्यांचा देखावा नुसता पाहावयाचा नव्हता, तो खेळावयाचा होता. थोरल्या भावाने एका वहीत नियम लिहिले होते. एक डाव म्हणजे एक दिवस. दर दिवशी गडकऱ्याने वाटीतील ज्वारीचे ठरावीक दाणे काढून टाकावयाचे आणि टाक्यातील पाणी चमच्याने कमी करावयाचे. खालच्या सेनापतीनेही घोड्यांच्या चाऱ्यापोटी तसेच दाणे टाकावयाचे, कारण वेढा घालणाऱ्यालाही पोट असते आणि उघड्या माळावरच्या हजारो जनावरांचा चारा ही कोणत्याही स्वारीची पहिली चिंता होय. गुजरात आणि माळव्याकडून गडाच्या मदतीला फौज निघाली आहे, पण ती कोणत्या दिवशी पोहोचेल हे थोरल्या भावाच्या वहीत झाकून ठेवलेले, दोन्ही खेळाडूंना अज्ञात. चकमक झाली तर सापशिडीचा फासा. एवढेच नियम. रायस्विट्झचे नाव त्या तरुणाने ऐकले नव्हते, तरी पंचाचे आसन आणि अज्ञानाचे महत्त्व या दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच्या विचाराने शोधून काढल्या होत्या. मी त्याला तसे सांगितले, तेव्हा तो संकोचाने हसला, आणि त्याने वही माझ्या हाती दिली.

माझ्यादेखत दोन मुले तो डाव खेळली. गडावरचा मुलगा उतावळा होता. टाक्यातील पाणी उतरताना पाहून त्याचा धीर सुटला, आणि मदतीची वाट न पाहता तो आपली सारी शिबंदी घेऊन खाली आला. फाशाने त्याला साथ दिली नाही. भोवती जमलेल्या पोरांनी एकच गलका केला. त्या वेळी थोरल्या भावाने वही उघडून सांगितले, की नासिरखान फारुकीनेही असेच केले होते. ती हकीकत खरी आहे. खानदेशच्या फारुकी राजांचा मूळ पुरुष मलिक राजा याला १३७० साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने थाळनेरची जहागीर दिली. त्याचा मुलगा नासिरखान याने बुऱ्हाणपूर वसविले. नासिरखानाची मुलगी बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमद याला दिलेली होती, आणि सुलतान आपली उपेक्षा करून संगमेश्वरच्या राजकन्येत रमला आहे अशी तिची तक्रार येताच या बापाने बहमनी राज्यावर स्वारी केली. परिणाम विपरीत झाला. बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार याने त्याला मागे रेटीत आणले, बुऱ्हाणपूर जाळले, आणि नासिरखान लळिंगच्या आश्रयाला आला. तेथे मदतीची फौज येऊन पोहोचण्यापूर्वीच तो लढाईला बाहेर पडला, पराभूत झाला, आणि थोड्याच दिवसांत, १४३७ साली, त्याचा अंत झाला. एका मुलीच्या दुःखापायी पेटलेले हे युद्ध आमच्या महामार्गाच्या कडेला संपले, आणि या कडेने रोज जाणारी हजारो माणसे त्याविषयी काही जाणत नाहीत.

पाण्याचा चमचा ही मला त्या खेळातील सर्वोत्तम कल्पना वाटली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. त्यात किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि एकाच झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या धक्क्यांनी झरे आटतात, असा उपदेश आहे. राज्यकर्त्या पुरुषाने अनुभवाच्या शेवटी लिहिलेले हे शहाणपण त्या मुलीने दुसऱ्या मार्गाने मिळविले होते: तिच्या गावात उन्हाळ्यात पाण्याची किंमत काय असते हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

आमच्या मुलखातील किल्ल्यांच्या कथा अशा आहेत की त्यांत एका पक्षाचा अखंड जयजयकार करता येत नाही, आणि मला वाटते की ते आमच्या किल्ल्यांकडे दुर्लक्ष होण्याचे एक मुख्य कारण आहे. खानदेश हा वाटेवरचा मुलूख. उत्तरेचा दक्षिणेकडे आणि दक्षिणेचा उत्तरेकडे जाणारा प्रत्येक सैन्यसमूह या खोऱ्यातून गेला, आणि प्रत्येकाने येथे एखादा तट दुरुस्त केला किंवा पाडला. अहीर, फारुकी, मोगल, मराठे, होळकरांचे किल्लेदार, भाडोत्री अरबांची शिबंदी, भिल्लांच्या टोळ्या आणि अखेरीस इंग्रज, अशी ही मालिका आहे. असीरगड घ्या. आज तो मध्यप्रदेशात गेला असला तरी पूर्वी तो खानदेशचा मुकुट होता. आसा अहीर या गवळी सरदाराकडून नासिरखानाने तो घेतला तो तोफांनी नव्हे. आपल्या घरच्या स्त्रियांना आश्रय द्यावा अशी विनंती करून त्याने डोल्या पाठविल्या आणि त्या डोल्यांतून शस्त्रधारी शिपाई बाहेर पडले, असे इतिहासकार फेरिश्त्याने लिहून ठेवले आहे. पुढे त्याच गडापुढे अकबराला प्रदीर्घ वेढा घालून बसावे लागले आणि १६०१ च्या जानेवारीत तो त्याच्या हाती आला. ज्या अहिराचा विश्वासघात झाला त्याच्या जमातीची बोली आम्ही आजही घरात बोलतो. हे सर्व मेजावर मांडावयाचे तर पडदे लावलेल्या चिमुकल्या डोल्या कराव्या लागतील, आणि कोणते मूल त्या आवडीने करणार नाही?

परंतु थाळनेरच्या बाबतीत माझे मन थांबते. मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला, पण तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला सोडण्यास विरोध केला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉप याची फौज तेथे आली. बाहेरचे दरवाजे हाती लागले, किल्लेदार शरण आला, आणि शेवटच्या दरवाजापाशी आतील अरबांशी बोलणी चालू असता दिंडी उघडून काही इंग्रज अधिकारी आत गेले. तेथे अकस्मात हत्यारे चालली व त्यांपैकी काही मारले गेले. यानंतर सुमारे ३०० माणसांची ती सगळी शिबंदी कापून काढण्यात आली, आणि शरण आलेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आले. हिस्लॉपच्या या कृत्यावर खुद्द इंग्लंडातही टीका झाली. येथे फासा टाकावा काय? माझ्या मते टाकू नये. थाळनेर मातीत अवश्य करावा, पाचही दरवाजे करावेत, तापीचा कडा करावा, ती अरुंद दिंडी तर करावीच. पण त्या दिंडीपाशी खेळ थांबवून जे घडले ते शिक्षकाने मुलांना सांगावे. कोणत्या गोष्टीचा डाव मांडावा आणि कोणती नुसती दाखवावी, हा विवेक जेथे आहे तेथेच अशा खेळाला विद्येची योग्यता येते. युद्धाचे खेळ मुलांना क्रूर करतात अशी भीती काही सुज्ञ पालक बोलून दाखवितात; लळिंगच्या त्या मेजाभोवती मला क्रौर्य दिसले नाही. गडावरचे दाणे संपत आले तेव्हा धाकट्या भावाने पंचाला हळूच विचारले होते की गडावर लहान मुले होती काय. त्या प्रश्नाला वहीत नियम नव्हता.

धुळे शहराला या कामात मार्गदर्शन शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला, आणि त्यांनी आयुष्यभर पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून वाचविलेली दप्तरे त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संशोधन मंडळात येथे जतन केलेली आहेत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला तो पानिपताच्या काळातील पत्रांचा. विजयाच्या कागदांपूर्वी पराभवाचे कागद छापून त्यांनी आमच्या इतिहासलेखनाचा पाया घातला, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. त्या पत्रांत छावणीतील धान्याची महागाई आहे, जनावरांची उपासमार आहे, न पोहोचलेली रसद आहे. रायस्विट्झच्या पंचाजवळ जी वही असे, दोन्ही पक्षांचे खरे बळ जीत नोंदलेले असे, तीच वही संशोधक कागदपत्रांतून पुन्हा लिहून काढीत असतो. लळिंगच्या त्या तरुणाने आपली हकीकत कोठून घेतली असे मी विचारले, तेव्हा त्याने जुन्या गॅझेटिअरचे आणि आपल्या शिक्षकांचे नाव घेतले. शाळेतील मुलांना मंडळाच्या दारापर्यंत नेणारा असा एक तरी शिक्षक प्रत्येक तालुक्यात असला पाहिजे.

परीक्षकांनी पहिले पारितोषिक एका सुबक रायगडाला दिले, आणि तो रायगड त्या मानास सर्वथा पात्र होता. लळिंगला उत्तेजनार्थ काही मिळाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी विनंती पुढच्या दिवाळीविषयी आहे. पारोळ्याच्या मुलांनी खंदकासह आपला भुईकोट करावा, शिरपूरकडच्या मुलांनी थाळनेर करावा, सोनगीरच्या तांबट आळीतील मुलांनी आपल्या गावावरचा गड करावा आणि जमल्यास त्यावर पितळेची एक बोटभर तोफ ओतून घ्यावी. कुंभारांनी आणि मूर्तिकारांनी मावळ्यांच्या जोडीला धनुर्धारी भिल्ल, फेटेवाला अरब, होळकरांचा बारगीर, मोगली तोफची आणि पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती यांचेही साचे करावेत; गिऱ्हाईक मिळेल, याची मला खात्री आहे. स्पर्धा भरविणाऱ्यांनी आपल्या नियमांत दोन कलमे वाढवावीत: निदान एक किल्ला खानदेशातील असावा, आणि किल्ल्यासमोर वेढा घालणाऱ्यांची छावणी असावी. प्रवेशपत्रिका दसऱ्यापूर्वी शाळांकडे पोहोचल्या तर मुलांना पावसाळ्यानंतर गड चढून पाहण्यास आणि टाकी मोजण्यास पुरेसा अवधी मिळेल.